क्वांटम डॉटवाली सीआरपी-ट्रोपोनिनची मशीन: तालुक्याच्या लॅबनं घ्यावी का?

सेलूची लॅबवाली

नमस्कार मंडळी. सेलूला माझी छोटी लॅब आहे. डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) केलेली मी आणि हाताखाली एक मुलगा, एवढाच पसारा. सेमी-ऑटो ॲनालायझर, सेल काउंटर, सेंट्रिफ्यूज आणि बाकी सगळी रॅपिड कार्डं. सीआरपी (अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं प्रथिन) आजवर लॅटेक्स स्लाइडवर लावते, म्हणजे लॅटेक्सचे कण गोळा होतात का ते डोळ्यांनी बघायचं; डॉक्टरांनी आकडाच मागितला तर डायल्यूशन करून, म्हणजे सॅम्पल पातळ करत जाऊन देते. ट्रोपोनिनचं (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) कार्ड ठेवते, पण ते रेघ आली की नाही आली एवढंच सांगतं. प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गासाठी), डी-डायमर (रक्ताच्या गुठळीसाठी), फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी) हे सगळं परभणीला नाहीतर संभाजीनगरला जातं आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. तोवर पेशंट एकतर बरा झालेला असतो नाहीतर पुढं रेफर झालेला.

मागच्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस टिफिनच्या डब्याएवढी मशीन घेऊन आला. म्हणाला, "ताई, ही क्वांटम डॉटची टेक्नॉलॉजी आहे, हिला नोबेल मिळालंय. मोठ्या हॉस्पिटलात जो आकडा येतो तोच पंधरा मिनिटांत तुमच्या टेबलावर." मग खोलीतला लाइट बंद करायला लावला आणि वापरलेल्या एका स्ट्रिपवर जांभळ्या टॉर्चचा उजेड मारला. पांढऱ्या पट्टीवर लालभडक रेघ उमटली. टॉर्च विझवली की रेघ गायब. आमचा मुलगा तर बघतच राहिला.

मशीन फुकट ठेवणार, फक्त महिन्याला ठरलेल्या स्ट्रिपा त्यांच्याकडूनच घ्यायच्या. मला पैशांपेक्षा जास्त काळजी आकड्याची आहे. रात्री छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो, डॉक्टर माझ्या कागदाकडं बघून ठरवतात की याला इथंच ठेवायचं का परभणीला पाठवायचं. तो कागद चुकीचा असून चालत नाही.

म्हणून विचारायलेय. या चमकणाऱ्या कणांत नेमकं आहे काय? लॅटेक्सपेक्षा खरंच चांगलं आहे का? आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, लाइटचा भरवसा नाही, त्यात हे टिकेल का? आणि आमच्या मुलानं मोबाइलवर वाचलं की यात कॅडमियम असतं, ते विषारी आहे म्हणे. वापरलेल्या स्ट्रिपांचं काय करायचं?

जालन्याचा बायोमेडिकल

ताई, मी मशीन दुरुस्तीचं काम करतो, रसायन मला कळत नाही. पण एक गोष्ट सांगतो. आपल्या भागात अशा छोट्या फ्लोरेसेन्सच्या मशीनी आधीपासून बऱ्याच आहेत आणि त्यातल्या कितीतरींच्या स्ट्रिपमध्ये युरोपियम नावाचं मूलद्रव्य असतं, क्वांटम डॉट नव्हे. टॉर्च मारली की ते पण लालच चमकतं. तेव्हा टॉर्चच्या खेळावरून काही ठरवू नका. किटच्या डब्यातलं इन्सर्ट, म्हणजे माहितीपत्रक, मागून घ्या आणि त्यात काय लिहिलंय ते वाचा.

दुसरं, फुकटच्या मशीनीचा करार नीट वाचा. सर्व्हिसला माणूस किती दिवसांत येणार, मशीन बंद पडली तर बदली मशीन देणार का, स्ट्रिपांची एक्सपायरी जवळ आली तर परत घेणार का, हे लेखी घ्या. तोंडी बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही.

नांदेडची रसायनवाली

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. माझी पीएचडी याच कणांवर झाली आणि आता मी किट बनवणाऱ्या ठिकाणी नोकरीला आहे. तुमच्याकडं आलेली कंपनी कोणती हे मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. थोडं लांबण लागेल, पण हे नीट समजून घेतलंत तर त्या माणसाला विचारायचे प्रश्न तुमचे तुम्हालाच सुचतील.

नोबेलचं तो खरं बोलला. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना क्वांटम डॉटसाठी मिळालं. एकिमोव्ह यांना १९८१ च्या सुमारास रंगीत काचेत हे कण दिसले, ब्रुस यांना त्यानंतर दोनेक वर्षांनी द्रावणात दिसले आणि बावेंडी यांनी १९९३ मध्ये ते सारख्या आकाराचे बनवण्याची रीत काढली. जीवशास्त्राच्या कामाकडं हे कण वळले १९९८ मध्ये. त्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की हे कण पाण्यात आणता येतात आणि पेशींना, प्रथिनांना खूण म्हणून लावता येतात.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) बारीकसा स्फटिक. जुना आणि सगळ्यात जास्त अभ्यासलेला प्रकार म्हणजे आत कॅडमियम सेलेनाइड आणि वरून झिंक सल्फाइडचं कवच. यातली मजा अशी की पदार्थ तोच राहतो, नुसता आकार बदलला की रंग बदलतो. दोन-अडीच नॅनोमीटरचा कण निळसर हिरवा चमकतो, सहाच्या आसपासचा लाल. कण जितका लहान तितका आतला इलेक्ट्रॉन जास्त कोंडला जातो, आणि खाली उतरताना तितका जास्त ऊर्जेचा, म्हणजे निळ्याकडचा प्रकाश सोडतो.

हे होताना मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते. तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये तांबूस रंगाचं कॅडमियम ऑक्साइड, ओलिइक ॲसिड आणि ऑक्टाडेसीन घ्यायचं, नायट्रोजन सोडायचा आणि तापवत न्यायचं. एका क्षणी तो गढूळ तांबूसपणा विरघळून द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. मग तीनशे अंशांच्या जवळपास सेलेनियमचं द्रावण सिरिंजनं एका दमात आत मारायचं. लगेच पिवळसर झाक येते, बघता बघता केशरी होते, मिनिटांत गर्द लाल. दर टप्प्याला थोडं थोडं काढून कुपीत गार करायचं. सगळ्या कुप्या ओळीनं मांडून वर यूव्ही दिवा धरला की हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल अशी रांग उभी राहते. आमच्याकडं मध्येच लाइट जायची. तापमान घसरलं की कणांची वाढ अडते आणि परत तापवलं की काही कण मोठे होतात, काही विरघळतात. चांगल्या बॅचचा प्रकाश पंचवीस ते पस्तीस नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात येतो. लाइट गेलेल्या बॅचचा पसरट यायचा, आणि अशी बॅच पुढच्या कामाला घ्यायचीच नाही असा आमच्या मॅडमचा दंडक होता.

तपासणीला याचा फायदा काय? साध्या फ्लोरेसंट रंगावर उजेड टाकत राहिलं की तो फिका पडत जातो, हे कण बराच वेळ टिकतात. दुसरं म्हणजे सिरमवर (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यावर) यूव्ही टाकला की सिरम स्वतःच निळसर-हिरवं चमकतं, कावीळ झालेल्याचं तर जास्तच. त्यात तुमची रेघ हरवू शकते. क्वांटम डॉट यूव्ही घेऊन थेट लाल प्रकाश देतात, मधलं अंतर एवढं मोठं असतं की साध्या फिल्टरनं सिरमचा उजेड कापून टाकता येतो. तिसरं, एकाच दिव्यानं सगळे रंग पेटतात, म्हणजे एकाच पट्टीवर सीआरपीला हिरवा कण आणि प्रोकॅल्सिटोनिनला लाल कण लावून दोन्ही मोजता येतात.

जालन्याच्या दादांनी युरोपियमचं सांगितलं ते अगदी बरोबर. युरोपियमचा उजेड दिवा विझल्यावर शेकडो मायक्रोसेकंद रेंगाळतो, क्वांटम डॉटचा काही दहा नॅनोसेकंदांत संपतो. डोळ्याला दोन्ही सारखेच लाल. आणि दोन्ही रस्ते चांगले आहेत. पेशंटचं भलं-बुरं त्यावरून ठरत नाही.

ठरतं ते पुढच्या टप्प्यावर, आणि त्याबद्दल कुठलाच विक्रेता बोलत नाही.

फ्लास्कमधून निघालेल्या कणांवर तेलकट थर असतो. ते पाण्यात मिसळत नाहीत, रक्तात तर नाहीच नाही. मग तो थर बदलून किंवा वरून पॉलिमरचं आवरण चढवून त्यांना पाण्यात आणावं लागतं. या पायरीला कितीदा तरी अर्धा उजेड जातो. आवरण नीट बसलं नाही तर चार-सहा आठवड्यांत कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात. आम्लधर्मी द्रावणात काही आवरणं सुटतात. लघवीतलं अल्ब्युमिन मोजायचं असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण लघवी पुष्कळदा आम्लधर्मीच असते आणि तिथं किटमधल्या बफरनं सांभाळून घ्यावं लागतं.

त्यानंतर कणाला अँटिबॉडी, म्हणजे मोजायचं तेच प्रथिन नेमकं पकडणारा रेणू, जोडायची. आता मापं बघा: कण पाच-सहा नॅनोमीटरचा आणि अँटिबॉडी दहा-पंधरा नॅनोमीटरची. म्हणजे कणापेक्षा अँटिबॉडीच मोठी. ती प्रथिनाला धरते ती तिच्या दोन हातांच्या टोकांनी. जोडताना नेमकी तीच टोकं कणावर चिकटली तर ती निकामी झाली. विळा पात्याकडून धरला तर कापणार कशानं? शिवाय जास्त अँटिबॉडी कोंबल्या तर गर्दी होते, कमी लावल्या तर पकड ढिली पडते. आम्ही दिवस-दिवस या एकाच पायरीवर घालवतो. उजेडाचा प्रश्न जगानं सोडवून ठेवलाय, या जोडणीचा प्रश्न प्रत्येक किटला नव्यानं सोडवावा लागतो. बॅच बदलली की परत पहिल्यापासून तपासायचं.

बऱ्याच स्ट्रिपांत सुटे कण नसतात. पॉलिमरच्या किंवा सिलिकाच्या एका मण्यात शेकडो कण भरलेले असतात आणि अँटिबॉडी मण्यावर असते. उजेड खूप वाढतो, पण मणी मोठा झाला की पट्टीतून हळू सरकतो. नायट्रोसेल्युलोजच्या बारीक भोकांतून तो शेवटपर्यंत सारख्या वेगानं गेला पाहिजे.

आता तुमच्या लॅटेक्सच्या प्रश्नाकडं येते. सीआरपीत दखल घ्यायची पातळी लिटरला ५ ते १० मिलीग्रॅम. ट्रोपोनिन आय हाय-सेन्सिटिव्ह पद्धतीनं मोजलं तर निरोगी माणसाची वरची मर्यादा लिटरला वीसएक नॅनोग्रॅमच्या आसपास असते, कंपनीनुसार आणि बाई-पुरुषांनुसार बदलते. हिशोब करा, ५ मिलीग्रॅम म्हणजे ५० लाख नॅनोग्रॅम. दोन्हींत अडीच लाख पटीचा फरक! म्हणजे एकाच मशीनवर, एकाच कणानं, दोन टोकांची कामं करायची आहेत.

सीआरपीला एवढ्या उजेडाची गरजच नाही. तिथं अडचण उलटी आहे, प्रथिन फार जास्त असतं. न्यूमोनियाच्या पेशंटचं सीआरपी दोनशे-तीनशेवर गेलं आणि सॅम्पल पुरेसं पातळ केलं नाही तर काय होतं? काही सीआरपी कणावरच्या अँटिबॉडीला धरतं, उरलेलं आधीच जाऊन पट्टीवरच्या अँटिबॉडीला धरून बसतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या भरल्या गेल्या, मध्ये सांधणारं कुणी उरलं नाही, आणि रेघ फिकी पडते. म्हणजे फार आजारी माणसाचा आकडा कमी येतो. याला हुक इफेक्ट म्हणतात. तुम्ही लॅटेक्सवर डायल्यूशन करता तिथंही हा धोका ओळखीचा असेलच. तेव्हा कंपनीला विचारा, तुमचं सीआरपी कितीपर्यंत हुक न होता मोजतं? इन्सर्टमध्ये आकडा हवा.

ट्रोपोनिनला मात्र खरोखर उजेड लागतो. इथं एक प्रश्न जरूर विचारा: तुमचं ट्रोपोनिन हाय-सेन्सिटिव्ह आहे का? 'हो' एवढ्यावर सोडू नका. त्याची व्याख्या ठरलेली आहे. निरोगी लोकांच्या ९९ व्या पर्सेंटाइलच्या पातळीला (शंभरातल्या नव्व्याण्णव निरोगी लोकांचा आकडा जिच्या आत असतो ती) परत परत मोजलं तर आकड्यातली हालचाल १० टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि निम्म्याहून जास्त निरोगी लोकांत मशीनला मोजता येईल असा आकडा आला पाहिजे. टेबलावरच्या पंधरा मिनिटांच्या मशीनींपैकी बऱ्याच या व्याख्येत बसत नाहीत. बसत नसेल तर मशीन वाईट ठरत नाही, पण मग "मोठ्या हॉस्पिटलात येतो तोच आकडा" हे म्हणणं चुकीचं ठरतं.

उन्हाचं. कणांचा उजेड तापल्यावर थोडा कमी होतो, पण त्याची भीती बाळगू नका. मशीन टेस्टच्या रेघेची कंट्रोलच्या रेघेशी (स्ट्रिप नीट चालली हे दाखवणारी, दर वेळी उमटणारी रेघ) तुलना करते, त्यात हे बरंचसं भागतं. खरी नाजूक आहे अँटिबॉडी, आणि पट्टीतून द्रव सरकायचा वेग. बहुतेक इन्सर्टांवर साठवण ४ ते ३० अंश अशी काहीतरी असते. मेमध्ये आपल्या पत्र्याच्या गाळ्यात ते पाळलं जात नाही, म्हणून डबे फ्रिजमध्येच ठेवा. पण फ्रिजमधून काढलेलं पाकीट लगेच फाडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर गार स्ट्रिपवर दमट हवेचं पाणी धरतं आणि कण आधीच ओले होऊन बसतात. आणि एक आपल्याकडची खास गोष्ट: मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका. उन्हाळ्यात प्रत्येक लॅबमध्ये कूलर टेबलाकडं तोंड करून असतो. झोतानं पट्टीचं एक टोक लवकर वाळतं, पंधरा मिनिटांचा प्रवास बिघडतो. वर कूलर बंद-चालू झाला की खोलीतला दमटपणा बदलतो, म्हणजे ठाऊक आकड्याचं कंट्रोल सॅम्पल सकाळी एक दाखवतं आणि दुपारी दुसरं.

कॅडमियमबद्दल मुलानं बरोबर वाचलंय, कॅडमियम कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत मोडतं. पण एका स्ट्रिपमधलं प्रमाण अगदी सूक्ष्म असतं, शिवाय ते स्फटिकात बांधलेलं आणि कवचाखाली असतं. हातात घेतल्यानं काही होत नाही, ग्लोव्हज तर तुम्ही तसेही घालताच. मात्र वापरलेल्या स्ट्रिपा लॅबच्या मागं जाळू नका, कॅडमियम धुरात आणि राखेत जायला नको. त्यांना रक्त लागलेलंच असतं, तेव्हा बाकी कार्डांसोबत बायोमेडिकल कचऱ्याच्या गाडीत द्या. इंडियम फॉस्फाइडचे, बिनकॅडमियमचे कणही आता येतात. कंपनीचे कण कोणते हे विचारायला हरकत नाही.

सेलूची लॅबवाली

ताई, तुमचे उपकार. एवढं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. अँटिबॉडी कणापेक्षा मोठी असते हे वाचून तर मी परत वर जाऊन मापं बघितली.

काल त्या माणसाला फोन करून इन्सर्ट मागवलं, व्हॉट्सॲपवर आलं. कण कॅडमियमचेच आहेत. सीआरपी लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत मोजतं असं लिहिलंय, हुकचा वेगळा आकडा नाही. ट्रोपोनिनपुढं नुसतं 'सेन्सिटिव्ह' लिहिलंय, 'हाय' नाही. आणि एका ओळीत स्ट्रेप्टॅविडिन-बायोटिन असं काहीतरी आहे. ते काय प्रकरण आहे?

लातूरचा टेक्निशियन

बायोटिनचं मी सांगतो, आमच्याकडं यावर बराच खल झालाय.

काही किटांत कण आणि अँटिबॉडी थेट जोडत नाहीत. एकीवर बायोटिन लावतात, दुसरीकडं स्ट्रेप्टॅविडिन, दोघं एकमेकांना घट्ट धरतात. सोपी आणि मजबूत जोडणी. पण बायोटिन म्हणजे केसांच्या, नखांच्या गोळ्यांतलं व्हिटॅमिन. माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि मेडिकलमधल्या गोळीत ५ नाहीतर १० मिलीग्रॅम! रक्तात एवढं बायोटिन फिरायलं की ते जाऊन स्ट्रेप्टॅविडिनच्या जागा अडवून बसतं. ट्रोपोनिनसारख्या टेस्टमध्ये आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषध-उपकरणांची सरकारी नियामक संस्था) २०१७ मध्ये यावर इशारा काढला होता, त्यात ट्रोपोनिन खोटं कमी आल्यावर एक पेशंट दगावल्याचा उल्लेख आहे.

तुमच्या किटमध्ये ही जोडणी नेमकी कुठं आहे ते बघा. कंट्रोलच्या रेघेपुरती असेल तर गोष्ट वेगळी, टेस्टच्या रेघेत असेल तर सांभाळा. आम्ही रजिस्टरमध्ये एक रकानाच वाढवला: 'केसांची गोळी चालू आहे का?' बायाच नाही, आजकाल पोरं पण घ्यायलेत. फेरिटिनसारखी टेस्ट असेल तर गोळी बंद ठेवून निदान आठ तासांनी सॅम्पल घेता येतं. ट्रोपोनिनला थांबता येत नाही, तिथं डॉक्टरांना फोन करून तोंडी सांगायचं आणि रिपोर्टवर पण लिहायचं.

परभणीचा फिजिशियन

आमच्याकडं सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी सगळीकडून पेशंट येतात, म्हणून माझ्या बाजूचं थोडं लिहितो.

छातीत दुखणाऱ्या पेशंटला पहिला ईसीजी. त्यात एसटी (आलेखातला एक भाग) वर गेलेला दिसला, म्हणजे मोठ्या हार्ट अटॅकची खूण दिसली, तर ट्रोपोनिनची वाट बघायची नाही. पंधरा मिनिटंसुद्धा नाही. गाडीत घालून पाठवा, रिपोर्ट नंतर फोनवर सांगा. ट्रोपोनिनचं काम ईसीजी साधा दिसतो तिथं आहे.

दुसरं, एका आकड्यावर निकाल लावता येत नाही. दुखणं सुरू होऊन तासच झाला असेल तर ट्रोपोनिन पुष्कळदा अजून रक्तात पुरेसं आलेलं नसतं. काही तासांनी परत घ्यावं लागतं आणि आकडा चढतोय का ते बघावं लागतं. हाय-सेन्सिटिव्ह नसलेल्या पद्धतीत हे अंतर जास्त ठेवावं लागतं. म्हणून ताईंना विनंती, रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची वेळ, मशीनचं नाव आणि त्या मशीनची वरची मर्यादा हे तिन्ही लिहा. सेलूचा आकडा एका मशीनचा आणि आमचा दुसऱ्याचा असेल तर दोन्ही शेजारी ठेवून 'वाढला' किंवा 'उतरला' असं मला म्हणता येत नाही. आम्ही इथं नव्यानं सुरुवात करतो. तरीही तुमचा पहिला आकडा आणि वेळ माझ्या फार कामाची असते.

तापाच्या पेशंटचं सीआरपी त्याच दिवशी आकड्यात मिळालं तर तिथल्या डॉक्टरांना फार उपयोग होईल. प्रोकॅल्सिटोनिनचाही होईल, पण ते ०.२५ आणि ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर अशा खालच्या पातळ्यांवर मशीन कितपत स्थिर आहे त्यावर अवलंबून.

नांदेडची रसायनवाली

सरांनी ०.२५ चं म्हटलं, तिथंच माझंही बोट आहे. मशीन कुठल्याही आकड्याला छान दिसते, निर्णयाच्या आकड्याला कशी वागते ते बघायचं.

ताई, करार करण्याआधी मशीन आणि थोड्या स्ट्रिपा चाचणीसाठी मागा. चांगली कंपनी देते. एखादं मध्यम सीआरपीचं सिरम घ्या, तेच एका दिवसात परत परत लावा आणि आकडे किती इकडंतिकडं होतात बघा. त्यातलं निम्मं सकाळी आणि निम्मं भर दुपारी. प्रोकॅल्सिटोनिनला असंच ०.५ च्या जवळचं सॅम्पल मिळालं तर सोनं. मग एक खूप जास्त सीआरपीवालं सॅम्पल सलाइननं किंवा कंपनीच्या बफरनं दहापट पातळ करून लावा. पातळ केलेल्याचा आकडा दहानं गुणल्यावर मूळच्यापेक्षा बराच जास्त आला तर समजा की मूळ सॅम्पलला हुक लागला होता. इन्सर्टमध्ये हुकचा आकडा नाही म्हणता, तेव्हा ही तपासणी टाळू नका.

त्याशिवाय कमी, मध्यम, जास्त अशी सगळ्या प्रकारची सॅम्पलं दोन भाग करून एक परभणीच्या मोठ्या लॅबला पाठवा. आकडे अगदी तेच येणार नाहीत, पण एक मशीन सगळीकडं जास्त दाखवते की कधी जास्त कधी कमी, हे कळतं. सगळीकडं सारखंच जास्त असेल तर समजून घेता येतं. मन मानेल तसं उड्या मारत असेल तर परत पाठवा. मशीन ठेवलीत तर लॉट (स्ट्रिपांची बॅच) बदलेल तेव्हा नव्या लॉटची चिप मशीनला लावायला विसरू नका, आणि जुन्या लॉटवर लावलेलं एखादं सॅम्पल नव्यावर लावून बघा. मी वर सांगितलेली कण-अँटिबॉडीची जोडणी प्रत्येक लॉटला नवी असते, ती थोडी बदलली की तुमच्या आकड्यात दिसते. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलचा ईक्यूएएस (लॅबच्या अचूकतेची बाहेरून तपासणी) कार्यक्रम छोट्या लॅबनाही घेता येतो. तुमचे आकडे बाकीच्यांच्या रांगेत कुठं बसतात ते त्यातून कळत राहील.

आणि ट्रोपोनिनच्या स्ट्रेप्टॅविडिनबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, किती बायोटिनपर्यंत फरक पडत नाही याचा आकडा त्यांच्याकडं असलाच पाहिजे. ही तपासणी आम्हाला किट बाजारात आणण्याआधी करावी लागते, तेव्हा 'बघून सांगतो' हे उत्तर चालवून घेऊ नका.

माझं मत विचाराल तर: सीआरपी, फेरिटिनसाठी चाचणीत टिकली तर बिनधास्त घ्या, तुमच्या पेशंटचा एक दिवस वाचतो. ट्रोपोनिन लावा, पण सरांनी सांगितलं तसं वेळ आणि मशीनचं नाव लिहूनच द्या. 'निगेटिव्ह' हा एकटा शब्द कागदावर नको, आकडाच द्या.

सेलूची लॅबवाली

त्या माणसाला कळवलं. तो आधी म्हणाला, "ताई, आजवर चाचणीसाठी कुणी मागितलं नाही." मग त्यांच्या साहेबांना विचारून मशीन आणि सीआरपीचा एक डबा द्यायला तयार झाला. बायोटिनचं पत्र कंपनीकडून मागवतो म्हणालाय, ते आल्याशिवाय ट्रोपोनिनच्या स्ट्रिपा उघडणार नाही असं मी सांगून टाकलं. इथल्या दोन्ही डॉक्टरांना कल्पना दिली. त्यातले एक म्हणाले, माझ्याकडचे तापाचे सॅम्पल वापर, परभणीला पाठवायचा खर्च अर्धा मी देतो.

टेबल कूलरपासून हलवून भिंतीकडं घेतलंय. आकडे आले की सकाळचे आणि दुपारचे दोन्ही इथं टाकते. नांदेडच्या ताई, तेव्हा तेवढं बघून सांगा.

नांदेडची रसायनवाली

नक्की टाका. खोलीचं तापमान पण प्रत्येक आकड्यासमोर लिहा, साधा भिंतीवरचा थर्मामीटर चालेल. आणि पातळ केलेल्या सॅम्पलचा मूळ आकडा, गुणलेला नको.